एकसष्ट पोती आणि तांब्याभर पाणी

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

मु. पो. अणदूर,
पौष शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप गुरुसिद्धप्पा अण्णा यांच्या सेवेशी अणदूरहून तुमच्या धाकट्या दाजींचे, म्हणजे गौरीशंकरचे, दोन्ही हात जोडून शरणार्थ.

इकडे सगळं क्षेम आहे असं आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल. तुमचा डावा गुडघा काय म्हणतो? मागं मी पाठवलेलं करंजाचं तेल लावलंत का, की वहिनींनी ते दिव्यात घातलं? वहिनींना नमस्कार. त्यांचं बीपी उतरलं असेल तर ठीक, चढलं असेल तर हे पत्र त्यांच्या हाती देऊ नका. दुकान बरं चाललंय असं ऐकतो. मुरूमच्या दुकानात धान्य महाग आणि अणदूरच्या शेतात तेच धान्य स्वस्त, ही काय करामत आहे ती तुमच्यासारख्या व्यापाऱ्यानं एकदा निवांत बसून मला समजावून सांगावी, पण ते नंतर कधीतरी. (गेले बावीस दिवस तुमच्याकडं मुक्कामाला असलेल्या तुमच्या भगिनी, म्हणजे आमच्या सौ. महादेवी, यांची तब्येतही बरी असेलच. मी विचारलं असं तिला सांगायची गरज नाही. वेळेवर जेवते ना, एवढं मात्र बघा.)

आता घरोघरी फोन असताना हा माणूस एवढं लांबलचक पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. अण्णा, फोन मी केले. महादेवीला एकोणीस केले. त्यातला एक तिनं चुकून उचलला आणि माझा आवाज ओळखल्यावर ती चूक लगेच दुरुस्त केली. तुम्हाला केले तेव्हा ती शेजारीच बसलेली असणार, कारण 'हां, हां, इकडं थंडी लई हाय' एवढंच बोलून तुम्ही फोन ठेवत होता. मी थंडीबद्दल काही विचारलं नव्हतं. आमच्या शिवप्रियाला (सोलापूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मामांची आठवण काढत असते) मध्ये घालून बघितलं, तर ती म्हणाली की आईचं बरोबर आहे, आणि नेमकं त्याच वेळी तिचं लेक्चर सुरू झालं. शेवटी देवापुढं जाऊन बसावं म्हटलं, तर खंडोबाही गावात नाही. तुम्हाला माहीतच आहे, आमचा देव वर्षातले पावणेदोन महिने नळदुर्गला असतो आणि बाकीचे आमच्याकडं. पण देव जाताना दोन्ही गावची माणसं बसून लेखी करार करतात, परत कधी आणायचा ते ठरतं, आणि ठरल्याप्रमाणे तो येतो. तुमच्या बहिणीनं जाताना असला कसलाही करार केला नाही. म्हणून हे पत्र. ती परत यावी अशी माझी इच्छा आहे, हे इथं एकदाच सरळ लिहून ठेवतो, कारण पुढं मी तसं काही न म्हटल्यासारखं लिहिणार आहे.

भांडणाचं मूळ सोयाबीन. तुम्हाला ते साल आठवत असेल, ज्या साली सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं. तुम्ही तुमच्या तीन एकरांतलं साडेनऊ हजारांनी विकून मोकळे झालात आणि नवी मोटारसायकल घेतलीत. (माझ्या मनात त्याबद्दल काही नाही. त्या मोटारसायकलवर मागं बसून मी दोनदा उमरग्याला गेलोय.) मी अकरा हजारांसाठी थांबलो. भाव जो खाली आला तो अजून उतरतोच आहे, आणि मला वाट बघायचा आजार जडला तो तेव्हापासून. दिवाळीनंतर वाढेल म्हणून दिवाळीपर्यंत थांबायचं, दिवाळी झाली की संक्रांतीपर्यंत, मग निवडणुकीपर्यंत, मग निवडणूक झाली म्हणून पुन्हा दिवाळीपर्यंत. फोनवर जगाच्या बातम्या बघायची सवय लागली. ब्राझील नावाच्या देशात सोयाबीन पिकतं आणि तिथं पाऊस कमी झाला तर आपला भाव वाढतो, असं कुणीतरी सांगितलं. त्या दिवसापासून मी आमच्या गावच्या पावसापेक्षा ब्राझीलच्या पावसाची चौकशी जास्त करतो. तिथं दुष्काळ पडल्याची बातमी आली त्या दिवशी मी गोड जेवण करायला सांगितलं. महादेवी म्हणाली, दुसऱ्याच्या रानात पाऊस न्हाय म्हणून शिरा खायचा का? आणि तिनं पिठलं केलं. नंतर कळलं की तिथं भरपूर पिकलं होतं.

हसू नका अण्णा. तुम्ही तीन एकर हौसेनं करता, तुमच्या पाठीशी दुकान आहे. माझं सगळं त्या पाच एकरांवर. बियाणं वाढलं, खत वाढलं, फवारणीच्या बाटल्या औषधाच्या दुकानातल्या टॉनिकपेक्षा महाग झाल्या, काढणीला माणसं जळकोटहून आणायची तर त्यांचं जाणं-येणंही आपल्यावर. वाढत नाही ती एकच गोष्ट, आणि तीच मला विकायची असते. सरकारनं हमीभाव ठरवून दिलाय, पण बाजारात तो कुणाला माहीत असल्यासारखं दिसत नाही. पिकवायचं मी, भाव सांगायचा समोरच्यानं, आणि वर मान हलवून 'बरं' म्हणायचं तेही मीच. माझ्या हातात एकच गोष्ट होती, न विकणं. ती मी दोन वर्षं मन लावून केली.

त्याचा परिणाम म्हणजे गरजेपुरतं विकून उरलेली दोन हंगामांची एकसष्ट पोती आमच्या तीन खोल्यांत राहायला आली. वर्षभर तुमचा पाय आमच्याकडं लागला नाही म्हणून तुम्हाला कल्पना नाही. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून छातीएवढी थप्पी, तिच्यावर टीव्ही, त्यामुळं बातम्या मान वर करून बघाव्या लागायच्या. पाहुणे आले की पोत्यावर बसायचे. (जळकोटचे आमचे व्याही, म्हणजे थोरल्या लेकीचे सासरे, बसले ते उतारावरून घसरत घसरत चहा संपेपर्यंत दारापाशी पोचले, आणि तिथूनच निरोप घेऊन गेले.) आतल्या खोलीत जायला मी एक बोळ ठेवला होता, त्यातून आडवं होऊन जावं लागे. शिवप्रिया सुट्टीला आली की थप्पीवरच झोपायची आणि आपण पहिल्या मजल्यावर राहतो असं मैत्रिणींना सांगायची. हे सगळं महादेवीनं सोसलं. पण तिचं शिलाई मशीन मागच्या खोलीत होतं. त्याच्यापुढं मी आधी दोन पोती ठेवली, 'आठ दिवसांसाठी' असं म्हणून. मग त्यांच्यावर दोन. चौदा महिने ते मशीन मला दिसलं नाही, तिलाही दिसलं नाही. गावातल्या बायका ब्लाऊज शिवायला टाकायला यायच्या आणि पोत्यांकडं बघून परत जायच्या. तिच्या हातचे चार पैसे माझ्या अकरा हजारांच्या वाटेत अडकले. ती रागावली की कानडीत बोलते, आणि मला अर्धंच कळतं, पण ते अर्धं पुरेसं असतं.

शेवटी कार्तिकात मी हार मानली आणि सरकारी खरेदी केंद्रावर हमीभावानं विकायचं ठरवलं. नोंदणीसाठी सातबारा, आधार, बँकेचं पुस्तक, पीकपेरा आणि माझा अंगठा एवढ्या वस्तू लागल्या. शेतात राबून अंगठ्याच्या रेषा गेल्या आहेत, त्यामुळं यंत्रानं मला चार वेळा ओळखलं नाही, पाचव्या वेळी कंटाळून ओळखलं. अठरा दिवसांनी फोनवर संदेश आला, अमुक तारखेला चाळीस पोती घेऊन या. उरलेल्या एकवीस पोत्यांचं काय करायचं ते संदेशात नव्हतं. महादेवीला संदेश वाचून दाखवला तर ती आत गेली आणि मशीनचं तेल कुठं आहे ते शोधायला लागली.

आता इथं जे घडलं ते नीट वाचा, कारण तुमच्याकडं तिनं आपल्या बाजूनं सांगितलं असेल. आपल्यात माल घरातून निघताना घरच्या बाईनं पोत्यांची पूजा करायची पद्धत आहे. पहिल्या पोत्याला हळदकुंकू लावायचं, विड्याच्या पानानं थोडं पाणी शिंपडायचं, नारळ फोडायचा. एक ओंजळ धान्य परत घरात ठेवायचं, म्हणजे घर रिकामं झालं असं होत नाही. बहुतेक बायका एका पोत्यावर भागवतात. महादेवी त्या दिवशी इतकी खुशीत होती की तिनं चाळीसच्या चाळीस पोत्यांना हळदकुंकू लावलं आणि तांब्या घेऊन प्रत्येकावर पाणी शिंपडलं. नवी साडी नेसली होती. बब्रुवान (आमचा शेजारी, ट्रॅक्टर त्याचाच) ट्रॉली लावून तासभर ताटकळला. तो म्हणाला, 'काकू, पोरगी सासरी धाडायलाव का सोयाबीन?' ती म्हणाली, 'पोरगी धाडताना रडू येतं, आज न्हाय येत.' ओंजळभर घरात ठेवायचं मात्र तिनं टाळलं. म्हणाली, एक दाणा नको.

केंद्रावर आमचा नंबर दुपारी लागला. तिथं एक साहेब होते, तरुण, सभ्य, त्यांच्यासमोर मॉइश्चर मोजायचं यंत्र. बारा टक्क्यांच्या आत ओल असेल तर घ्यायचं, नाहीतर परत. त्यांच्या माणसानं टोकदार नळी पोत्याच्या तोंडाशी खुपसून दाणे काढले, यंत्रात टाकले, आणि आकडा आला तेरा पूर्णांक चार. दुसरं पोतं, तेरा पूर्णांक सहा. साहेबांनी दाणे चिमटीत घेतले, मग ओल्या हळदकुंकवाकडं बघितलं, आणि विचारलं, 'काका, दोन वर्षं जुना माल दिसतोय. यावर पाणी कुणी मारलं?'

मागं पंचवीस ट्रॅक्टर उभे, सगळी ओळखीची तोंडं. मी म्हटलं, 'मालकिणीनं पूजा केली साहेब. जरा हौसेनं केली.' सगळे हसले. साहेबही हसले. आणि चाळीस पोती होती तशी परत आली.

एवढंच मी बोललो, अण्णा. मोजून दोन वाक्यं. पण पंचवीस ट्रॅक्टर पंचवीस वाटांनी गेले आणि ती दोन वाक्यं बरोबर घेऊन गेले. आम्ही घरी पोचायच्या आत गोष्ट गावात पोचली होती. दुसऱ्या दिवशी बचत गटाची बैठक होती. महादेवी तिथली सचिव आहे, चौदा बायकांचा हिशेब ठेवते, बँकेत एकटी जाऊन येते, आणि त्या बायकांपुढं गटाच्या अध्यक्ष कमलबाई तिला म्हणाल्या की बाई, पूजा जरा बेतानं करत जा, आमच्या नवऱ्यांचा माल अजून जायचाय. मग नळावर, मग पिठाच्या गिरणीत. 'सोयाबीनला आंघोळ घालणारी' असं तिला नाव पडलं. ती घरी आली आणि मला विचारलं, तुमी असं बोललाव का. मी म्हटलं, बोललो, आणि खरंच आहे ते, पाणी तूच शिंपडलंस. त्यावर ती कानडीतही बोलली नाही. पिशवी भरली आणि दारातून म्हणाली, 'माझा तांब्या केवढा आन् तुमची पोती किती, बसून हिशेब करा. झाला की मुरूमला कळवा.' त्याला आज बावीस दिवस झाले.

त्यानंतर मी काय भोगलं ते थोडक्यात सांगतो. चाळीस पोती एकट्यानं वाळवली. आमच्या गच्चीवर पंधरा मावली, उरलेली शाळेच्या पटांगणात रविवारची. सोमवारी शाळा भरली तेव्हा प्रार्थनेच्या आत सगळं गोळा करायचं होतं, ते झालं नाही, आणि चौथीच्या वर्गानं राष्ट्रगीत माझ्या सोयाबीनमध्ये उभं राहून म्हटलं. कबुतरांनी पोटभर खाल्लं, त्यांची ओलीची काही अट नव्हती. एका दुपारी ढग आले म्हणून मी गच्चीवर घरातल्या सगळ्या चादरी अंथरल्या, ढग निघून गेले, वाऱ्यानं दोन चादरी बब्रुवानच्या गोठ्यात गेल्या. त्याची म्हैस एकीवर बसली होती, ती अजून उठवता आलेली नाही. म्हणजे म्हैस उठली, चादर उठवण्यासारखी राहिली नाही. इतकं वाळवलं की बब्रुवाननं कुठूनतरी आणलेल्या यंत्रावर आकडा नऊवर आला, आणि भरताना चाळिसाची अडतीस पोतीच भरली. दोन पोती उन्हानं नेली की कबुतरांनी, हे देव जाणे.

पुन्हा केंद्रावर गेलो. या वेळी मॉइश्चर पास झालं, साहेब म्हणाले काका शाब्बास, आणि पुढचं वाक्य म्हणाले की बारदाना संपलाय. सरकारी पोती आल्याशिवाय सरकार सोयाबीन घेत नाही. माझ्याकडं सोयाबीन होतं, त्यांच्याकडं पैसे होते, सगळं अडलं होतं ते रिकाम्या पोत्यांवर. तीन दिवस ट्रॉलीवर बसून राहिलो, बरोबर भाकरी होती, आजूबाजूला माझ्यासारखेच. एकमेकांचं सोयाबीन बघून कुणाचं चांगलं वाळलंय याची स्पर्धा लागली, मी दुसरा आलो. चौथ्या दिवशी बब्रुवान ट्रॅक्टरचं भाडं मागेना, पण तोंडाकडं बघायला लागला. मग वळवली ट्रॉली आणि आडतीवर नेऊन घातलं, हमीभावापेक्षा नऊशे रुपये खाली. घरची एकवीसही त्याच भावात देऊन टाकली. पावती हातात घेताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दोन वर्षं मी हात घट्ट मिटून बसलो होतो आणि उघडला तर आत एवढंच होतं. पण परत येताना बब्रुवाननं ट्रॅक्टरवर गाणी लावली, आणि जळकोटच्या फाट्यावर आम्ही भजी खाल्ली. पुढच्या वर्षी निम्म्या रानात तूर घालायची असं भज्यांवर ठरलं. (तुरीचा भाव मी अजून बघितलेला नाही. बघणारही नाही.)

घर आता मोकळं आहे. घरात इतकी जागा होती हे मी विसरलो होतो. टीव्ही जमिनीवर आला. मशीन खिडकीशी आणून ठेवलं, पुसलं, तेल मीच घातलं, जरा जास्तच घातलं. बोलल्यावर आवाज घुमतो, म्हणून मी फार बोलत नाही. जागेसाठी भांडणारं माणूसच घरात नाही, तेव्हा एवढी जागा घेऊन करू काय?

तरी अण्णा, तुम्ही थोरले आहात. तिला दोन शब्द समजावून सांगा. माणसाच्या तोंडून एखादं वाक्य जातं. मी काही म्हणत नाही की माल तिच्यामुळंच परत आला, पण पाणी ते पाणीच, आणि यंत्राला भक्ती कळत नाही. झालं गेलं विसरून तिनं यावं, मीही मनात काही ठेवणार नाही. वडीलधाऱ्यांना शरणार्थ, लहानांना आशीर्वाद, आणि घरात जे कुणी रागावलेलं असेल त्याला जे योग्य वाटेल ते.

आपला,
गौरीशंकर

ता. क. — वर घरात चादर उरली नाही असं वाटेल, तर तसं नाही. एक उरली आहे. पण वहिनींनी दिलेली सोलापुरी चादर कुठली, तर म्हशीखालचीच. त्यांना सांगू नका.

ता. क. दोन — पत्र पुन्हा वाचून बघितलं. शेवटचा परिच्छेद वाचताना मलाच माझा राग आला. अण्णा, तुम्ही चाळीस वर्षं धान्य तोलताय, तुम्हाला पहिल्याच पानावर कळलं असणार. तांब्याभर पाण्यानं चाळीस पोत्यांचं मॉइश्चर वाढत नाही. पाणी मी मारलं. पूजेच्या आदल्या दिवशी महादेवी गटाच्या कामाला तुळजापूरला गेली होती. दोन वर्षांत वाळून वाळून पोतं उचलायला हलकं लागत होतं, आणि ते हलकं झालेलं मला सोसेना. भाव तर माझ्या हातात नव्हताच. वाटलं, गेलेलं वजन तरी परत द्यावं. फवारणीचा पंप तीनदा धुतला, पोत्यांची तोंडं सोडून नळी आत घातली आणि दोन पंप मारले, सोळा-सोळा लिटरचे. मग तोंडं शिवून टाकली. साहेबांनी विचारलं तेव्हा समोर तिचं ते हळदकुंकू दिसत होतं. तिनं मनापासून लावलेलं. मी तेच पुढं केलं.

ता. क. तीन — वरचं लिहून पत्र आठवडाभर तसंच पडून राहिलं, आणि मधल्या गुरुवारी बचत गटाची बैठक होती. मी गेलो. बायकांच्या बैठकीत पुरुष आला म्हणून कमलबाईंनी आधी मला बाहेर बसवलं, पंधरा मिनिटं. मग आत बोलावलं. मी चौदा नव्हे, तेरा बायकांपुढं (चौदावी तुमच्याकडं आहे) उभा राहिलो आणि पंपाचं सगळं सांगितलं, लिटरसकट. मग कमलबाई म्हणाल्या, 'सचिव न्हाय, तर इतिवृत्त कोण लिवणार? तुमीच लिवा.' तेव्हा ते मी माझ्या हातानं गटाच्या वहीत लिहिलं, खाली सही केली, आणि दर बैठकीत मागचं इतिवृत्त वाचायची पद्धत असल्यामुळं ते पुढच्या महिन्यात मोठ्यानं वाचलं जाईल. कमलबाई तिची माफी मागणार आहेत, तसं त्यांनी सांगायला सांगितलंय. संध्याकाळपर्यंत गावात माझं नाव 'पंपवाले' पडलं. पिठाच्या गिरणीत काल मला विचारलं, पीठ कोरडं देऊ का ओलं. ठीक आहे, ते माझंच आहे, मी घेतलं.

ता. क. चार — तिला पत्र वाचून दाखवणार असाल तर ता. क. दोनपासून वाचा. वरचं सगळं सोडून दिलं तरी चालेल, त्यात मी जिथं जिथं तिचं पाणी म्हटलंय ते खोटं आहे. आणि मी तिला ये म्हणत नाहीये. तिनं हिशेब करून कळवा म्हटलं होतं, तो कळवतोय. तिचा तांब्या एक लिटरचा, माझे पंप बत्तीस लिटरचे.

ता. क. पाच — हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. पोस्टात टाकलं तर चार दिवस लागतात आणि मला ते जमेना. सकाळच्या एसटीनं मुरूमला आलोय. हे शेवटचं तुमच्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून लिहितो. पत्र चहावाले रामकिसन तुमच्या हाती देतील, त्यांना मी कोण ते सांगितलेलं नाही. माझे तीन चहा झालेत, चौथा सांगितलाय. तुम्ही मघापासून गल्ल्यावर बसून गुडघा चोळताय, म्हणजे तेल लावलेलं नाही. आत ती असेल. वाचून झाल्यावर मी बाहेर आहे असं तिला सांगा, आणि ती काय म्हणते ते बघा. तिला मला बघायचं नसेल तर तुम्ही नुसते दारात येऊन उभे राहा, मी समजेन आणि दुपारच्या गाडीनं जाईन. पण त्याआधी तिला पुन्हा एकदा विचारा. गाडीला अजून दोन तास आहेत.